नसेला व्यायाम, माणसाला विश्रांती

हातावर फिस्टुलाची शस्त्रक्रिया झाली की रुग्णाला एक मऊ रबरी चेंडू दिला जातो. मनगटाजवळची किंवा कोपराजवळची धमनी शेजारच्या नसेला जोडलेली असते, तोच फिस्टुला. त्या नसेत जोराने रक्त यावे, ती फुगावी, तिची भिंत जाड व्हावी आणि पुढे डायलिसिसच्या दोन जाड सुया तिच्यात नीट टोचता याव्यात, यासाठी तो चेंडू दिवसातून अनेकदा दाबायचा असतो. माझ्या आईच्या हाती असा चेंडू आला त्याला आता चार वर्षे झाली. सकाळी देवापुढे बसली की तिच्या उजव्या हातात जपमाळ आणि डाव्या हातात चेंडू असे. सिस्टरने सांगितल्याप्रमाणे ती मोजून दाबत असे, आणि दर तपासणीला कोणीतरी नसेवर बोट ठेवून आतली थरथर नीट लागते की नाही ते पाहत असे. दीड-दोन महिन्यांत नस तयार झाली, सुया टोचणे सुरू झाले आणि चेंडू देवघराच्या कोनाड्यात गेला.

त्यानंतर तीनेक वर्षे तिला कोणीही मोजून करण्यासारखा दुसरा व्यायाम सांगितला नाही. नस तयार करायची होती तेव्हा साधन मिळाले, आकडा मिळाला, दर आठवड्याला तपासणारा माणूस मिळाला. त्या नसेच्या मागे असलेली बाई धडधाकट ठेवायची वेळ आली तेव्हा ‘थोडे फिरत जा’ एवढे एक वाक्य मिळाले. डायलिसिसवरचे रुग्ण व्यायाम करत नाहीत, ही तक्रार मी डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून आणि खुद्द रुग्णांकडूनही ऐकली आहे, आणि तिचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी रुग्णाच्या स्वभावात शोधलेले पाहिले आहे. माझ्या मते ते कारण डायलिसिसच्या मांडणीत आहे. म्हणूनच व्यायाम हा डायलिसिसच्या उपचाराचाच भाग मानला जावा, तो केंद्रात, खाटेवर, नेमलेल्या माणसाच्या देखरेखीखाली सुरू व्हावा, आणि सरकारी योजनांनी त्याचा खर्च डायलिसिसच्या खर्चातच धरावा, असे मला वाटते.

आठवड्यातून तीन वेळा आणि प्रत्येक वेळी चार तास, हे रक्ताच्या डायलिसिसचे नेहमीचे वेळापत्रक आहे. वर्षाला १५६ वेळा म्हणजे ६२४ तास, म्हणजेच दिवसरात्र धरून सव्वीस पूर्ण दिवस माणूस एका खाटेवर, एक हात न हलवता पडून असतो. आपल्याकडे पैशाअभावी किंवा मशीनच्या पाळीअभावी आठवड्यातून दोनदाच डायलिसिस घेणारे पुष्कळ आहेत. त्यांचे खाटेवरचे तास कमी भरतात, पण मधल्या दिवसांत अंगात साठणारे पाणी आणि विषारी द्रव्ये त्यांना अधिक जखडून ठेवतात. शिवाय नागपूर हे सगळ्या विदर्भाचे आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटचेही दवाखान्याचे गाव आहे. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाल्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणी मोफत डायलिसिसची सोय वाढली, तरीही आमच्या केंद्रात काटोल, उमरेड, सावनेरहून पहाटेची एसटी धरून येणारे रुग्ण आहेत. चार तासांचे डायलिसिस त्यांच्यासाठी आठ-दहा तासांचे होते, आणि त्यातला बहुतेक वेळ बसून किंवा पडून जातो.

या पडून राहण्याचा परिणाम आधी मांड्यांवर दिसतो. मूत्रपिंड निकामी झाल्याने रक्तातली आम्लता वाढते, शरीरात मंद दाह सतत चालू राहतो, भूक मरते, आणि प्रत्येक डायलिसिसमध्ये रक्तातील अमिनो आम्लांचा काही भाग, म्हणजे प्रथिनांचा कच्चा मालच, बाहेर जातो. त्यामुळे डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिने वाढवायला सांगतात, रोज दर किलो वजनामागे एक ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक. आणि वरण-भाजी-पोळीवर वाढलेल्या घरात तेवढी भरून काढणे सोपे नसते. स्नायू झिजतात, पण अंगात पाणी साठत असल्याने वजनाच्या काट्यावर ती झीज सहज दिसत नाही. आमच्या घरी ती अशी कळली: पूजेच्या पाटावरून उठताना आई आधी भिंतीला हात लावू लागली, मग शेजारच्या खुर्चीला, आणि एके दिवशी तिने पाटच बाजूला ठेवून देवापुढे स्टूल मांडले. आम्ही ते गुडघ्यांच्या नावावर टाकले. गुडघे तर ठीकच होते.

आता ‘यांना इच्छाच नसते’ या आरोपाकडे वळतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील शंभर डायलिसिस रुग्णांना व्यायामाबद्दल विचारून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातील ९८ टक्के रुग्णांना बैठे राहणे घातक आहे हे मान्य होते. तरीही ९२ टक्क्यांनी निदान एक तरी अडथळा सांगितला, आणि सर्वांत वर होता डायलिसिसच्या दिवशीचा थकवा, ६७ टक्के. म्हणजे माहितीची कमतरता नव्हती. व्यायामाचे फायदे सांगणारी पत्रके छापून आणि भिंतीवर चित्रे लावून सुटेल, असा हा प्रश्नच नाही.

डायलिसिसनंतरचा थकवा ज्याने जवळून पाहिलेला नाही, त्याला तो आळसासारखा वाटू शकतो. चार तासांत अंगातून दोन-अडीच लिटर पाणी काढले जाते, रक्तदाब खाली येतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि मशीन बंद झाल्यावर सुयांच्या जागी पट्टी दाबून धरलेला माणूस खाटेच्या कडेला बसतो तेव्हा उभे राहण्यापूर्वी त्याला थोडे थांबावे लागते. आई घरी येते ती थेट पलंगावर. संध्याकाळी कधीतरी उठून ती दोन घास खाते आणि पुन्हा झोपते. त्यात हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलेले असले, तर दुसऱ्या दिवशीही जिना चढताना तिला मध्येच टेकावे लागते. रक्तवाढीची इंजेक्शने आणि लोह वेळेवर न मिळालेल्या माणसाला ‘चालत जा’ म्हणणे म्हणजे रिकाम्या टाकीच्या गाडीला चढ दाखवणे आहे. व्यायामाचा विषय काढण्याआधी हिमोग्लोबिन, ड्राय वेट (अंगातले जादा पाणी काढल्यावर उरायला हवे ते वजन) आणि रक्तदाब यांचा हिशेब नीट लागलेला असायला हवा, आणि हे काम रुग्णाचे नाही.

मग व्यायामाला वेळ कोणती उरते? डायलिसिसचा दिवस गेला. दोन दिवसांची सुट्टी येते तिच्या शेवटी पाणी साठून दम लागू लागतो. राहते ती डायलिसिसच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. नागपुरात मार्चनंतर ही सकाळसुद्धा सातच्या आत आटोपते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वाधिक तापत्या नऊ दिवसांत, तर रात्रीचे अकरा वाजले तरी सिमेंटच्या रस्त्यांतून वाफ निघत असते, आणि सर्वसाधारण माणसाला अशा वेळी दिला जाणारा ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला डायलिसिसच्या रुग्णाला लागू पडत नाही. ज्याची लघवी जवळजवळ थांबली आहे, त्याला दिवसभराचे पाणी, चहा, वरण, ताक असे सारे मिळून लिटरभराच्या आत-बाहेर बसवायचे असते. चालून घसा कोरडा पडेल आणि मग वाटीभर पाण्यासाठी मनाशी झगडावे लागेल, या एका धास्तीने उन्हाळाभर घराबाहेर पाऊल न टाकणारी माणसे मला माहीत आहेत. अंबाझरी किंवा फुटाळा तलावावर पहाटे फिरणाऱ्यांची गर्दी पाहून ‘तुम्हीही या की’ म्हणणे सोपे आहे. तिथपर्यंत पोहोचणे, वाटेत बसायला जागा मिळणे आणि परत येणे, याचा हिशेब रुग्णाला करावा लागतो. आमच्या वस्तीत तर सलग दोनशे पावले चालता येईल असा पदपथच नाही. मध्ये गाड्या लावलेल्या असतात, नाही तर फरशी उखडलेली असते. ज्याची हाडे मूत्रपिंडाच्या आजाराने ठिसूळ झाली आहेत, त्याने ठेच लागून पडण्याची भीती बाळगली तर तिला भित्रेपणा म्हणता येणार नाही.

या सर्व अडथळ्यांपेक्षा मोठा एक अडथळा आहे, आणि तो आमच्यासारख्या घरांत प्रेमाच्या नावाने वावरतो. आईचे डायलिसिस सुरू झाले त्या आठवड्यात आम्ही भावंडांनी ठरवले, की आता तिला काही करू द्यायचे नाही. कणीक मळणे बहिणीने घेतले, कपडे वाळत घालणे माझ्या पत्नीने, दूध आणणे मी. फुलांची परडी घेऊन ती अंगणात जात असे, तीही मुलीने हातातून काढून घेतली. ती उठू लागली की चौघांपैकी कोणीतरी म्हणत असे, ‘आई, तू बस, काय पाहिजे ते सांग.’ शेजारच्या काकू यायच्या आणि म्हणायच्या, ‘काहून एवढी दगदग करता बाई, बसा ना निवांत.’ सहा महिन्यांत आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्या दिवसातली दोनेक तासांची हालचाल काढून टाकली, आणि त्या बदल्यात तिला दूरदर्शनसंचासमोरची आरामखुर्ची दिली. तिने तक्रार केली नाही. आपण घरच्यांवर ओझे आहोत असे ज्याला सतत वाटते, तो माणूस सेवा करणाऱ्याचा हात झिडकारत नाही. आमचे हे चुकले, आणि ते चुकले हे आम्हाला कळायला फार वेळ लागला. कारण आजारी माणसाला विश्रांती द्यावी हे आपण लहानपणापासून शिकलेले असतो. तापाच्या चार दिवसांसाठी असलेला तो नियम वर्षानुवर्षांच्या आजाराला लावू नये, हे मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

येथे एक भेद नोंदवलाच पाहिजे. सगळ्याच घरांत रुग्णाला असे बसवून ठेवत नाहीत. आईच्या शिफ्टमध्ये एक तिशीची बाई आहे, जी डायलिसिसहून परतल्यावर चौघांचा स्वयंपाक करते आणि दुसऱ्या दिवशी दोन घरची धुणीभांडी. तिला ‘व्यायाम करा’ सांगणे क्रूरपणाचे होईल. तिला विश्रांतीचा दिवस, पोटभर प्रथिने आणि कामाच्या जागी थोडी समज हवी आहे. पुरुषांचे चित्र बहुधा वेगळे दिसते. आठवड्यातले तीन दिवस हातचे गेल्याने नोकरी सुटते, नोकरीबरोबर सकाळी उठून बाहेर पडण्याचे कारण सुटते, आणि मग चालणे थांबते ते पायांत जोर नसल्याने की कुठे जायचेच नसल्याने, हे सांगणे कठीण होऊन बसते. रुग्णागणिक अडथळा बदलतो. त्यामुळे सर्वांना एकच वाक्य सांगून चालणार नाही, प्रत्येकाला विचारणारा कोणीतरी असावा लागतो.

डायलिसिसवरच्या माणसाला आपण जे शिकवतो ते बहुतेक सारे ‘नको’च्या रूपात असते. संत्र्याच्या या शहरात, जिथे हिवाळ्यात पाहुण्यापुढे आधी संत्र्यांची टोपली येते, तिथे माझी आई पोटॅशियमच्या धाकाने चार वर्षे संत्र्याची पूर्ण फोड न खाता राहिली आहे. नारळपाणी नको, मीठ नको, लोणचे नको, बटाटा उकळून पाणी टाकल्याशिवाय नको, फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजायचा नको, त्या हातात घट्ट बांगडी नको, त्या हातावर डोके ठेवून झोपायचे नको. ही यादी आवश्यकच आहे, तिच्यात जीव वाचवण्याचे शहाणपण आहे, आणि घरोघरी ती मनोभावे पाळली जाते. पण रुग्णाने स्वतः काही करावे, आणि केल्याने स्वतःत काही वाढलेले पाहावे, अशी गोष्ट या यादीत औषधालाही सापडत नाही. व्यायाम ही तशी एकमेव गोष्ट आहे. वर्षानुवर्षे ‘नको’ ऐकून ज्याला न करण्याची सवय लावली, त्याने एका सकाळी आपल्या मनाने काही करायला उठावे, ही अपेक्षा आपण कशाच्या बळावर धरतो?

या ‘नको’मधूनच भीती जन्मते. फिस्टुला फुटेल, ही भीती मी प्रत्येक नव्या रुग्णात पाहिली. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत त्या हाताने जड उचलू नये, हे खरेच आहे. पण नस तयार झाल्यावर डॉक्टरांना विचारून त्या हाताची बेताची हालचाल करता येते, आणि पायांच्या व्यायामाचा तर त्या हाताशी संबंधच नसतो. हे सांगायला पाच मिनिटे लागतात. ही पाच मिनिटे कोणाची, हे मात्र ठरलेले नाही. किडनीचे डॉक्टर फेरीला येतात तेव्हा त्यांच्यापुढे पंधरा खाटा असतात, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, पाणी, रक्तदाब एवढ्यातच त्यांचा वेळ संपतो. टेक्निशियनला एका वेळी तीन-चार मशीन सांभाळायच्या असतात. सिस्टरला सुया टोचायच्या असतात. कोणी टाळाटाळ करतो असे मला म्हणायचे नाही. ज्या कामावर कोणाचे नाव लिहिलेले नाही, ते काम होत नाही एवढेच. रक्तदाबाची गोळी लिहिताना डॉक्टर किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि डायलिसिसच्या दिवशी घ्यायची की नाही, हे सारे लिहितात. ‘फिरत जा’ या सल्ल्यात किती, केव्हा, कोणत्या वेगाने आणि काय झाले तर थांबायचे, यातले काहीही नसते. मात्रा न लिहिलेले औषध कोणी गांभीर्याने घेत नाही, यात रुग्णाचा दोष नाही.

मात्रा ठरवून व्यायाम दिला तर काय होते, हे आता पुरेसे पाहिले गेले आहे. इटलीतील ‘एक्साइट’ या चाचणीत २९६ रुग्ण होते. त्यातील अर्ध्या जणांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटे, ठरवून दिलेल्या ठोक्यांच्या तालावर चालायला सांगितले होते. सहा महिन्यांनी सहा मिनिटांत चालून होणारे त्यांचे अंतर सरासरी ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले, तर उरलेल्या गटात ते जवळपास जिथल्या तिथे राहिले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. जर्मनीतील २१ केंद्रांत १,२११ रुग्णांवर झालेली ‘डायाटीटी’ ही चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात व्यायाम डायलिसिस चालू असतानाच, खाटेवर, प्रशिक्षित व्यायामतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वर्षभर करून घेतला गेला. एका मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता-बसता येते, हे मोजले तेव्हा दोन्ही गट सुरुवातीला १६.२ वर होते. वर्षाअखेरीस व्यायाम करणारे १९.२ वर पोहोचले आणि न करणारे १४.७ वर घसरले. या दुसऱ्या आकड्यापाशी मी फार वेळ थांबलो. काहीच केले नाही तर माणूस आहे तिथे राहत नाही, वर्षभरात दीड उठबस गमावतो. पाटावरून स्टुलावर गेलेली माझी आई त्या घसरणीत होती.

उलट बाजूचा पुरावाही मांडायला हवा. ब्रिटनमधील ‘पेडल’ या चाचणीत डायलिसिसच्या वेळी सायकलिंग करवून घेतले गेले. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले आणि सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. व्यायामाने डायलिसिसचे रुग्ण अधिक वर्षे जगतात, असेही या चाचण्यांनी सिद्ध केलेले नाही, आणि तसा दावा कोणी करू नये. पण ‘पेडल’मध्ये ठरल्याप्रमाणे व्यायाम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण कमी राहिले होते, ही बाब माझ्या मते महत्त्वाची आहे. सायकल आणून ठेवल्याने व्यायाम होत नाही. तो करवून घेणारा, आज नको म्हटल्यावर का नको ते विचारणारा आणि उद्या पुन्हा येणारा माणूस लागतो. जर्मन चाचणीत असा माणूस नेमलेला होता.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येईल, आणि तो हलका नाही. जिथे रुग्ण मशीनच्या पाळीसाठी ताटकळतात, जिथे आठवड्यातून तिसरे डायलिसिस परवडत नाही, तिथे व्यायामाचे बोलणे हे पोट भरलेल्यांचे बोलणे वाटू शकते. तिसरे डायलिसिस आणि रक्तवाढीची इंजेक्शने आधी, यात मला शंका नाही. परंतु ज्या व्यायामाबद्दल मी बोलतो आहे, त्याला लागणारी सामग्री म्हणजे एक रबरी पट्टा, घोट्याला बांधायची वाळूची पिशवी आणि भिंतीवरचे घड्याळ. खर्च आहे तो माणसाचा. पंधरा खाटांच्या केंद्रात एक फिजिओथेरपिस्ट दोन शिफ्टमध्ये फिरला, तर प्रत्येक रुग्णाला दहा मिनिटे देऊ शकतो. नागपुरात तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात फिजिओथेरपीचे सरकारी शिक्षण चालते, खासगी महाविद्यालयेही आहेत, आणि दर वर्षी इंटर्नशिपसाठी मुले-मुली बाहेर पडतात. त्यांची एक पाळी डायलिसिस केंद्रात लावण्यास नवीन इमारत लागत नाही. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला फिजिओथेरपिस्ट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरून चालवतो, आणि तो उपचाराचाच भाग आहे हे कोणाला पटवावे लागत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णाला तेवढेही का मिळू नये?

अडचण खरी आहे ती मोजणीत. राष्ट्रीय कार्यक्रमात खासगी भागीदाराला पैसे मिळतात ते दर डायलिसिसमागे, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा हिशेबही डायलिसिसच्याच पाळ्यांवर चालतो. मशीनचे तास मोजले जातात, म्हणून मशीनचे तास दिले जातात. त्या दरातच व्यायामासाठी एक छोटी रक्कम वेगळी धरावी आणि प्रत्येक रुग्णाची खुर्चीवरून उठण्या-बसण्याची चाचणी दर तीन महिन्यांनी घेऊन फाइलमध्ये लिहिणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे. एका मिनिटाच्या या चाचणीला यंत्र लागत नाही. क्रिएटिनिनच्या खाली तो आकडा लिहिलेला असला, तर फेरीला आलेल्या डॉक्टरांच्या नजरेत तो येईल, आणि घसरला तर त्याचे कारण विचारले जाईल. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्यांच्या बाबतीत तर याला फारच अर्थ आहे. मूत्रपिंड मिळेल त्या दिवशी ती मोठी शस्त्रक्रिया सोसण्याइतके बळ शरीरात उरलेले असायला हवे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. छातीत दुखत असेल, ताप असेल, दम लागत असेल, पोटॅशियम वाढलेले असेल, रक्तदाब फार वर किंवा फार खाली असेल, तर व्यायाम करू नये. हे ठरवायला जाणता माणूस हवा, आणि नेमका तोच डायलिसिस केंद्रात असतो. रक्तदाब मोजलेला आहे, वजन घेतलेले आहे, सिस्टर चार पावलांवर आहे, वातानुकूलन चालू आहे. नागपूरच्या मे महिन्यात पाय हलवण्यास याहून सुरक्षित जागा मला तरी सुचत नाही. फक्त तो व्यायाम पहिल्या दोन तासांत उरकावा लागतो, कारण पुढे पाणी निघत जाते तसा रक्तदाब उतरू लागतो. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांचे नियम थोडे निराळे आहेत, वजन उचलण्याबाबत अधिक कडक आहेत. पण त्यांनाही चालण्याची मनाई नसते.

आमच्या घरी बदल झाला तो गेल्या पावसाळ्यात, आणि व्यवस्थेमुळे नाही, योगायोगाने. नात्यातली एक मुलगी फिजिओथेरपी शिकते. ती चार दिवस राहायला आली होती. तिने आईला काहीही समजावून सांगितले नाही. विचारले एवढेच, ‘आजी, तुम्हाला कुठे जायचंय?’ आई म्हणाली, टेकडीच्या गणपतीला, कोणाचा हात न धरता. मग त्या मुलीने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवली, किडनीच्या डॉक्टरांना फोन करून विचारून घेतले, आणि आईला हाताचा आधार न घेता उठायला लावले. पहिल्या दिवशी ती तीनदा उठली. चौथ्यांदा अर्ध्यावरून खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही धावलो, त्या मुलीने हाताने आम्हाला थांबवले.

आता आई खाटेवर, पहिल्या दोन तासांत, तांदूळ भरलेली अर्ध्या किलोची पिशवी घोट्याला बांधून एकेक पाय सरळ उचलते आणि खाली ठेवते. फिस्टुलाचा हात उशीवर स्थिर असतो. शेजारच्या खाटेवरचे काटोलचे काका मोठ्याने मोजतात, आणि मोजता मोजता स्वतःचेही पाय हलवतात. आई एकटी असती तर पंधराव्या दिवशी हे बंद पडले असते, याची मला खात्री आहे. तो आकडा कोणीतरी ऐकतो म्हणून ती उचलते. घरी बहिणीने कणकेची परात तिच्यापुढे परत ठेवली आहे. डायलिसिसच्या दिवशी मात्र कोणी तिला काही सांगत नाही. त्या दिवशी तिचे झोपणे हा तिचा हक्क आहे. टेकडीला अजून जाणे झालेले नाही. बसची पायरी ती धरून चढते, सोडून चढत नाही.

मागच्या आठवड्यात समोरच्या खाटेवर एक नवी बाई आली. फिस्टुला तयार होईपर्यंत डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी (कॅथेटर), हातावर फिस्टुलाची ताजी पट्टी, आणि मुठीत तसाच मऊ चेंडू. ती मान खाली घालून तो दाबत होती. मी आईचा डबा उघडत होतो. आईने पायाची पिशवी सोडून बाजूला ठेवली आणि तिला म्हणाली, ‘हे झालं हाताचं. पायाचं मी सांगते. डॉक्टरला एकदा विचारून घे, आणि पहिल्या दोन तासांतच करायचं, मग बीपी उतरते.’